वाट आधीची, पैसा नंतरचा : प्रशांत महासागरातील रग्बी-स्थलांतराच्या अभ्यासाची प्रस्तावना

1980 साली टोंगाहून दोन तरुण जपानला गेले ते मण्यांच्या चौकटीवर हिशेब करायला शिकायला. आपल्याकडे मुले ज्याला अबॅकस म्हणून शिकवणीला जातात, त्याचाच हा जपानी अवतार. टोंगाचे राजे ताउफाआहाउ तुपोउ चौथे यांना या विद्येचे मोठे आकर्षण होते आणि आपल्या देशात ती रुजावी अशी त्यांची इच्छा होती. तोक्योच्या दाइतो बुंका विद्यापीठाने या तरुणांना प्रवेश दिला. नोफोमुली ताउमोएफोलाउ आणि होपोई ताइओने हे दोघेही रग्बी उत्तम खेळत. विद्यापीठाच्या संघातून ते पुढे गेले आणि थेट जपानच्या राष्ट्रीय संघात पोहोचले. त्यांच्यामागून टोंगाची मुले त्याच वाटेने जात राहिली. 2019 च्या विश्वचषकात जपानने उपांत्यपूर्व फेरी गाठली, तेव्हा त्या संघातही टोंगात जन्मलेले खेळाडू होते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी ही हकीकत सर्वांत आधी सांगतो. रग्बीपटू घर सोडून परदेशी जातात ते पैशासाठी, हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असते. ते खोटे नाही, पण ते अर्ध्यावरच थांबते. 1980 साली या खेळात उघडपणे पैसा नव्हता. तरी वाट तयार झाली. तिच्यामागे एका राजाची आस होती, एका विद्यापीठाने उघडलेले दार होते आणि पुढे गेलेल्या ओळखीच्या माणसाचा आधार होता. पैसा पंधरा वर्षांनी आला आणि मळलेल्या वाटांवरूनच वाहू लागला. स्थलांतराचा अभ्यास करताना वाट कोणी पाडली आणि चालणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे, हे आधी विचारावे लागते. पुढील विवेचनाचा सारा भर याच प्रश्नावर आहे.

ज्या प्रदेशाबद्दल आपण बोलणार आहोत तो नकाशावर अथांग आणि माणसांनी विरळ आहे. फिजीची लोकसंख्या साधारण नऊ लाख, सामोआची दोन लाख, टोंगाची एक लाख. तिन्ही देश मिळून एकट्या पुणे शहराच्या निम्म्यानेही भरत नाहीत. तरी फ्रान्स, इंग्लंड, जपान, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया इथल्या व्यावसायिक संघांच्या याद्या या बेटांवरच्या नावांनी भरलेल्या असतात. फिजीला ऑलिंपिकमधील पहिले पदक मिळाले ते 2016 साली रिओमध्ये, सात-सात खेळाडूंच्या रग्बीत, आणि तेही सुवर्ण. अंतिम सामन्यात त्यांनी ग्रेट ब्रिटनला 43-7 असे हरवले. त्या विजयाच्या स्मरणार्थ फिजीने सात डॉलरची नोट काढली. एखादा देश आपल्या चलनावर खेळाडूंना स्थान देतो, तेव्हा तो खेळ तिथे करमणुकीच्या पलीकडे गेलेला असतो.

इतिहासाकडे वळले की एक गोष्ट पटकन लक्षात येते. रग्बी या बेटांवर आली ती वसाहतीच्या सत्तेबरोबर आणि मिशनऱ्यांच्या शाळांमधून. 1924 साली फिजी आणि सामोआ यांच्यातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना आपिया इथे सकाळी सात वाजता झाला, कारण सामना आटोपून यजमान खेळाडूंना कामावर जायचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते, तेव्हा बेटांवरची कुटुंबे तिकडे गेली. 1970 च्या दशकात मंदी आली आणि याच लोकांच्या दारांवर पोलीस पहाटे धडकू लागले. व्हिसाची मुदत संपलेल्यांची ती धरपकड होती. त्या कारवायांबद्दल न्यूझीलंड सरकारने 2021 साली औपचारिक माफी मागितली. त्या मजुरांच्या वस्त्यांमध्ये वाढलेली मुले पुढे न्यूझीलंडचा काळा पोशाख घालून जगभर गाजली. जोना लोमूचे आईवडील टोंगाचे होते. मायकेल जोन्स 1986 मध्ये सामोआकडून खेळला आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडकडून विश्वचषक जिंकला. मैदानावरचे हे स्थलांतर कारखान्यातल्या स्थलांतराचे अपत्य आहे. ते वेगळे काढून अभ्यासता येत नाही.

आता पैशाकडे येऊ. रग्बी युनियनने, म्हणजे आपण बोलतो आहोत त्या प्रकाराने, हौशीपणाचे बंधन सोडले ते ऑगस्ट 1995 मध्ये, पॅरिसच्या बैठकीत. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, 1895 साली, उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी बुडालेल्या रोजंदारीची भरपाई खेळाडूंना मिळावी म्हणून वेगळी चूल मांडली होती, आणि त्यातून रग्बी लीग हा खेळाचा दुसरा प्रकार जन्मला. कामगाराच्या हक्काचा प्रश्न या खेळाच्या मुळाशी असा पहिल्यापासून आहे. 1995 नंतर युरोपातल्या क्लबांनी जगभरात खेळाडू शोधायला सुरुवात केली. मात्र बेटांवरच्या खेळाडूंसाठी दार खरे रुंद झाले ते एका हँडबॉलपटूमुळे. मारोश कोल्पाक हा स्लोवाकियाचा गोलरक्षक एका जर्मन क्लबमध्ये खेळत होता. 2003 साली युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, युरोपीय संघाशी सहकार्याचा करार असलेल्या देशाचा नागरिक कायदेशीरपणे नोकरीत असेल, तर परदेशी खेळाडूंच्या मर्यादेत त्याला मोजता येणार नाही. क्रिकेटचे मराठी चाहते कोल्पाक हे नाव इंग्लिश काउंटीत गेलेल्या दक्षिण आफ्रिकी खेळाडूंमुळे ओळखतात. फिजी, सामोआ आणि टोंगा हेही युरोपीय संघाशी झालेल्या अशाच एका, 2000 सालच्या कोतोनू कराराचे भागीदार होते. व्यापार आणि विकाससाहाय्यासाठी झालेल्या करारातील कलमाने फिजीच्या खेड्यातला तरुण फ्रान्सच्या क्लबला अचानक सोयीचा झाला. कायद्याचा असा आडवळणाचा परिणाम ज्याला शोधायला आवडतो, त्याने या क्षेत्रात जरूर यावे.

अभ्यासकांनी या प्रवाहाला निरनिराळी नावे दिली. जॉन बेल यांचे 1991 मधले पुस्तक अमेरिकी विद्यापीठांनी परदेशांतून आणलेल्या खेळाडूंविषयी होते. बुद्धीप्रमाणे बाहुबळाचाही देशाबाहेर निचरा होतो, हा विचार त्याने रूढ केला. जोसेफ मॅग्वायर यांनी 1990 च्या दशकात स्थलांतरित खेळाडूंची वर्गवारी मांडली. अग्रदूत, भाडोत्री, स्थायिक, परतणारे आणि जगभर भटकणारे असे प्रकार तिच्यात होते. सुरुवातीला ही वर्गवारी उपयोगी पडते. पण बेटांवरचा एकच खेळाडू या सगळ्या कप्प्यांत एकाच वेळी बसतो, म्हणून मला ती अपुरी वाटते. निको बेस्निएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानववंशशास्त्राच्या अंगाने केलेले काम इथे अधिक खोल जाते, कारण त्यात खेळाडूच्या घरापासून सुरुवात आहे. योको कानेमासू आणि ग्योझो मोल्नार यांनी फिजीच्या स्थलांतरित रग्बीपटूंच्या अनुभवांवर आणि तिथल्या स्त्रियांच्या रग्बीवर लिहिलेले लेख वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि या सर्वांच्या आधी एपेली हौओफा यांचा 1993 चा निबंध वाचावा. बेटे ही दूर समुद्रात हरवलेली ठिपकी आहेत, ही बाहेरच्यांची समजूत त्यांनी उलटवली. समुद्र इथल्या लोकांना तोडत नाही, जोडतो, आणि प्रवास हा त्यांच्या जगण्याचा जुनाच भाग आहे, हा त्यांचा विचार खेळाडूंच्या प्रवासाला नवा अर्थ देतो.

घर म्हणजे इथे केवळ आईवडील नव्हेत. फिजीत जमीन, कुळ, गाव आणि चर्च यांचे एकच गुंफलेले नाते असते. मुलगा परदेशी जातो तेव्हा विमानाच्या तिकिटापासून प्रार्थनेपर्यंत अनेकांचा हात त्याला लागलेला असतो, आणि पहिला पगार झाला की त्याच हातांचा वाटा निघतो. लग्न, मयत, चर्चचे नवे छप्पर, भावंडांची शाळेची फी या सगळ्यांत तो असतो. टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त रक्कम परदेशातल्या माणसांनी पाठवलेली असते. त्यात रग्बीचा वाटा फळबागांत राबणाऱ्या हंगामी मजुरांच्या मानाने लहानच, पण मान मोठा. कोकणातल्या घरांनी मुंबईच्या चाकरमान्याकडून आलेल्या मनीऑर्डरीवर कित्येक दशके काढली. तो ताण आणि तो अभिमान ज्याने पाहिला आहे, त्याला फिजीचे गाव परके वाटणार नाही.

फरक असा की या नोकरीचे आयुष्य फार छोटे असते. गुडघा एकदा गेला की करार गेला, आणि करार गेला की व्हिसाही जातो. फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत झळकणाऱ्या मोजक्या ताऱ्यांखाली दुसऱ्या, तिसऱ्या श्रेणीतल्या छोट्या गावांच्या क्लबांत खेळणारे पुष्कळ असतात. त्यांना भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, आणि घरी मात्र ते श्रीमंत झाले असे समजले जाते. 2016 साली फ्रान्समधल्या तार्बच्या क्लबकडून खेळणाऱ्या एका फिजीयन खेळाडूने आत्महत्या केली, तेव्हा या एकटेपणाची उघड चर्चा झाली. सामोआचा माजी खेळाडू डॅन लिओ याने बेटांवरच्या खेळाडूंच्या हितासाठी संघटना चालवली आणि 2020 मध्ये या शोषणावर माहितीपटही केला. याउलट रुपेनी थाउथाउनिबुथाची गोष्ट. फ्रान्सच्या आझाँ क्लबचा हा वेगवान विंगर सुट्टीला गावी गेला की वेळेवर परतत नसे. वृत्तपत्रांनी त्याला बेशिस्त ठरवले. मला त्यात घराची ओढ आणि कराराची शिस्त यांचा उघडा झगडा दिसतो, आणि हा झगडा समजून घेणे हे अभ्यासकाचे काम आहे, निवाडा देणे नव्हे.

निवाडा द्यायचाच तर तो व्यवस्थेवर द्यावा लागेल. नोव्हेंबर 2017 मध्ये ट्विकनहॅमवर इंग्लंड आणि सामोआ समोरासमोर आले. त्या एका सामन्याचे इंग्लंडच्या खेळाडूला सुमारे 22 हजार पाउंड मिळणार होते, सामोआच्या खेळाडूला 650. इंग्लंडच्या खेळाडूंनी आपल्या मानधनातला काही भाग सामोआच्या खेळाडूंना दिला. हा त्यांचा मोठेपणा खराच, पण दानाने ही दरी बुजत नाही. देशासाठी खेळाडूंना मोकळे करावे असा जागतिक संघटनेचा नियम आहे. तरी क्लबची नाराजी ओढवू नये म्हणून राष्ट्रीय संघाला नकार देणारे खेळाडू झालेच. नियमांचे उलटे परिणामही पाहण्यासारखे आहेत. फ्रान्सने स्थानिक मुलांना वाव मिळावा म्हणून आपल्याच प्रबोधिनीत घडलेल्या खेळाडूंची किमान संख्या संघांवर बंधनकारक केली. मग क्लब फिजीतून अधिक लहान वयाची मुले आणू लागले, कारण लहानपणी आणलेला मुलगा नियमाच्या हिशेबात फ्रान्समध्ये घडलेला ठरतो.

गेल्या काही वर्षांत दोन चांगल्या गोष्टी घडल्या, आणि त्या फार उशिरा घडल्या असे माझे मत आहे. जानेवारी 2022 पासून एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिल्यावर जन्माच्या किंवा आईवडील-आजीआजोबांच्या देशाच्या संघाकडे एकदा वळता येते. न्यूझीलंडचे माजी खेळाडू मालाकाई फेकितोआ आणि चार्ल्स पिउताउ 2023 चा विश्वचषक टोंगाकडून खेळले ते याच नियमामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे 2022 मध्येच फिजीयन द्रुआ हा संघ सुपर रग्बीत दाखल झाला. आता फिजीच्या तरुणाला घर न सोडता व्यावसायिक करार मिळू शकतो. 2023 मध्ये फिजीने ऑस्ट्रेलियाला 1954 नंतर प्रथमच हरवले, त्या संघात द्रुआचे अनेक खेळाडू होते.

या क्षेत्रात अजून बरेच लिहायचे आहे. निवड होऊ न शकलेला आणि गावातच राहिलेला मुलगा, परतल्यावर शेती करणारा माजी खेळाडू, त्याची बायको, रग्बी खेळू लागल्यावर घरचा विरोध सोसणारी मुलगी, यांच्यावर ताऱ्यांच्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे. फिजीतल्या भारतीय वंशाच्या समाजाचाही विचार व्हावा. 1879 ते 1916 या काळात गिरमिटिया म्हणून नेलेल्या मजुरांचे वंशज फुटबॉलकडे वळले आणि रग्बी मुख्यतः मूळ फिजीयनांची राहिली. खेळाच्या मैदानावर पडलेली ही रेघ आपल्या अभ्यासकांनी तपासायला हवी.

जून 2025 मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, आणि तिथे फिजीचे खेळाडूही करारावर उतरले. मुंबई आता या वाटेवरचा एक मुक्काम झाली आहे. समाजशास्त्र, कायदा किंवा इतिहास शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, हे खेळाडू पुन्हा येतील तेव्हा त्यांना खेळाविषयी विचारून झाल्यावर त्यांच्या गावाविषयी विचारा, आणि मिळालेली उत्तरे मराठीत लिहून ठेवा.