संगणक-स्मृतीतील दोष व त्यांचे निदान

संगणकाला पुरविलेली माहिती, आज्ञावली व आकडेमोडीतील मधली उत्तरे ज्या घटकात साठविली जातात, त्यास स्मृती म्हणतात. पडदा किंवा कळफलक बिघडल्यास ते तत्काळ लक्षात येते. परंतु स्मृतीतील एखादा बिट ० चा १ झाला, तरी यंत्र चालू राहून चुकीचे उत्तर देऊ शकते. त्यामुळे स्मृतीचा इतिहास हा वेग व क्षमता यांच्या वाढीइतकाच दोष ओळखण्याच्या पद्धतींचाही इतिहास आहे.

इतिहास : इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात एफ्. सी. विल्यम्स व टॉम किल्बर्न यांनी ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर विद्युत् भाराच्या ठिपक्यांच्या रूपाने अंक साठविण्याची पद्धत विकसित केली. ही नलिका भरवशाची आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी बांधलेल्या लहान यंत्राने २१ जून १९४८ रोजी स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथमच यशस्वीपणे चालविली. मात्र भार झिरपून जात असल्याने अंक सतत पुन्हा लिहावे लागत. १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी एका बिटातील चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये अमेरिकेतील व्हर्लविंड संगणकात चुंबकीय वलयांची स्मृती बसविण्यात आली आणि नलिकांच्या देखभालीत जाणारा वेळ पुष्कळच वाचला.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी पहिला निकटचा संबंध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला. आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तेथे बांधलेला संगणक १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याची स्मृती फेराइट वलयांची असून तिची क्षमता अखेरीस प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांपर्यंत वाढविण्यात आली; म्हणजे ८० हजारांहून अधिक बिट तीत मावत. अशा स्मृतीत आडव्या व उभ्या तारांतून निम्मा-निम्मा प्रवाह सोडून त्यांच्या छेदावरील वलय निवडले जाते. प्रवाह कमी पडल्यास वलय उलटत नाही. जास्त झाल्यास शेजारची वलये ढळतात. तापमानानुसार वलयांचा गुणधर्मही बदलतो. म्हणून वलये व त्यांना प्रवाह पुरविणारी मंडले यांचा मेळ बसविणे हे अशा यंत्रांत महत्त्वाचे काम असे. ० व १ यांची सर्वांत प्रतिकूल मांडणी भरून स्मृती तपासण्याचे तत्त्व वलय-स्मृतीच्या काळात रूढ झाले आणि ते आजही वापरात आहे.

अर्धसंवाहक स्मृती : १९७० मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ११०३ या चकतीपासून वलयांची पीछेहाट सुरू झाली. हिच्यात प्रत्येक बिट सूक्ष्म धारित्रातील भाराच्या रूपाने राहतो. तोही झिरपत असल्याने ठरावीक काळाने नव्याने भरावा लागतो. १९७८ च्या सुमारास इंटेलमधील टी. सी. मे व एम्. एच्. वुड्स यांनी दाखविले की, चकतीच्या वेष्टनातील लेशमात्र युरेनियम व थोरियम यांतून निघणारे आल्फा कण बिट उलटवू शकतात. अशा चुकीत चकतीला कायमची इजा होत नाही. १९८१ च्या आय्‌बीएम पीसीमध्ये प्रत्येक आठ बिटांमागे एक तपासणी-बिट होता. पुढे किंमत कमी ठेवण्यासाठी बहुतेक घरगुती संगणकांतून तो वगळण्यात आला. मोठ्या यंत्रांतील दुरुस्ती-संकेताचे संरक्षण घरगुती वापरकर्त्यास सहसा मिळत नाही व निदानाचे काम त्याच्यावरच येते.

निदान : यंत्र मध्येच बंद पडणे, धारिका बिघडणे किंवा सुरू होताना ठरावीक शिट्ट्या ऐकू येणे ही संशयाची लक्षणे होत. ती वीजपुरवठा किंवा अतिरिक्त उष्णता यांमुळेही उद्‌भवतात. प्रथम पट्टीचा प्रकार मुख्य फलकास चालणारा आहे का ते पाहतात. डीडीआर ३, ४ व ५ या पिढ्यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असून त्यांचा प्रमाणित विद्युत् दाब अनुक्रमे १·५, १·२ व १·१ व्होल्ट असतो. वेग मुद्दाम वाढविला असल्यास तो मूळ प्रमाणावर आणतात. नंतर वीज तोडून, अंगावरील स्थिर विद्युत् उतरवून पट्ट्या काढतात व एकेक पट्टी प्रत्येक खोबणीत बसवून चाचणी-आज्ञावली अनेक फेऱ्या चालवितात. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी सदोष. एकाच खोबणीत राहिला तर खोबण किंवा फलक संशयास्पद. प्रत्येक पट्टी एकटी नीट चालून दोन्ही मिळून चुकत असतील, तर त्यांचा परस्परांशी मेळ नाही असा तर्क करतात.

चाचणीत आढळलेली चूक दोषाचा पुरावा ठरते. चूक न आढळणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. उष्णतेने अधूनमधून प्रकटणारा दोष एका फेरीत निसटू शकतो. म्हणून महत्त्वाच्या माहितीची स्वतंत्र प्रत ठेवणे आणि दुरुस्तीपूर्वी संशयित यंत्रावर नवी माहिती न लिहिणे इष्ट असते.