रस्त्याची खबर आणि चालकाची मार्गनिवड : एक ऐतिहासिक आढावा

मोबाइलच्या नकाशावर लाल रेषा दिसली की चालक दुसरा रस्ता धरतो. ही सवय नवी वाटली, तरी तिचा इतिहास सुमारे सत्तर वर्षांचा आहे. माहिती मिळाल्याने कोंडी खरोखर कमी होते का, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

रेडिओचा काळ

१९५५ मध्ये लॉस एंजेलिस येथे 'सिगअलर्ट' सुरू झाला. लॉइड सिग्मन या रेडिओ अधिकाऱ्याने तयार केलेल्या यंत्रणेमुळे पोलिसांची सूचना थेट रेडिओ केंद्रांपर्यंत आणि तिथून गाडीतील श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागली. २२ जानेवारी १९५६ रोजी शहरात भीषण रेल्वे अपघात झाला. डॉक्टर व परिचारिकांनी मदतीस यावे, असे आवाहन या यंत्रणेवरून करण्यात आले. त्याला एवढा प्रतिसाद मिळाला की त्यातूनच वाहतूक कोंडी झाली. सूचना खरी होती. पण ती सर्वांनी एकाच वेळी ऐकली होती.

सिद्धान्ताची बाजू

१९५२ मध्ये ब्रिटिश अभ्यासक जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी दोन तत्त्वे मांडली होती. पहिले असे : प्रत्येक जण स्वतःचा वेळ वाचवू पाहतो, तेव्हा वापरातील सर्व मार्गांवरील प्रवासवेळ अखेर समान होतो आणि मार्ग बदलून कोणाचाच फायदा होत नाही. दुसरे तत्त्व सर्वांचा मिळून सरासरी वेळ कमीत कमी असण्याचे आहे. या दोन स्थिती एकच असतील असे नाही. ताजी माहिती चालकाला पहिल्या स्थितीकडे नेते. दुसरीकडे नेईलच, याची हमी नाही.

१९९१ मध्ये बेन-अकिवा, द पाल्मा आणि कायसी यांनी यातील धोके स्पष्ट केले. माहिती इतकी होते की चालक गोंधळतो. सर्वजण एकदम वळल्याने कोंडी पर्यायी रस्त्यावर सरकते. आणि पूर्वी विखुरलेल्या निवडी एकाच मार्गावर एकवटतात.

पडद्याचा काळ

१९९६ मध्ये जपानमध्ये 'व्हिक्स' सेवा सुरू झाली आणि गाडीतील नकाशावर कोंडी दिसू लागली. पुढे स्मार्टफोनमुळे चालक स्वतःच माहितीचा स्रोत बनला. इस्रायलमध्ये जन्मलेले 'वेझ' २०१३ मध्ये गूगलने विकत घेतले.

याची किंमत कोणी मोजली? न्यू यॉर्कला जोडणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळील लिओनिया या छोट्या गावात ॲपच्या सांगण्यावरून येणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी आपले बहुतेक अंतर्गत रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद केले. चालकाची वाचलेली मिनिटे रहिवाशांच्या दारात जमा झाली होती.

समारोप

सारांश, माहिती रस्त्याची रुंदी वाढवत नाही. ती गर्दीची वाटणी बदलते. म्हणून अभ्यासकाने केवळ 'किती वेळ वाचला' असे न विचारता 'कोणाचा वाचला आणि कोणाचा गेला' असेही विचारले पाहिजे. आपल्या शहरातील एखादी गल्ली निवडून हा प्रश्न विद्यार्थ्यांनी तपासून पाहावा.