सुरांनी जाग आणणारे घड्याळ

सोळाव्या शतकात फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या एका गढीत एक लहान मूल रोज सकाळी वाद्याच्या सुरांनी जागे होत असे. मुलांना झोपेतून दचकवून उठविले तर त्यांच्या कोवळ्या मेंदूला त्रास होतो, असे ऐकून वडिलांनी या एका कामासाठी वादक ठेवला होता. हे मूल म्हणजे पुढे नावारूपास आलेला निबंधकार मोंतेन. १५८० साली प्रथम छापल्या गेलेल्या आपल्या निबंधांत त्याने ही आठवण नमूद केली आहे.

आपल्याकडे हे काम नगारखान्याचे होते. देवळाच्या वा राजवाड्याच्या दारावर पहाटे सनई-चौघडा झडे आणि त्याचे सूर धन्याप्रमाणेच गावातल्या गरिबाच्याही कानी पडत. मात्र ज्याला आपल्या उशाशी, आपण नेमलेल्या वेळी सूर हवे असत, त्याची सोय वादकावाचून होण्यासारखी नव्हती.

ती सोय पुढे एका घड्याळजीच्या कल्पकतेने शक्य झाली. युरोपातील मनोऱ्यांवरच्या घड्याळांत खिळे ठोकलेला रूळ फिरे व त्याच्या योगाने घंटांवर चाल वाजे. पण या घंटा घरात आणणार कशा? १७९६ साली जिनीव्हाच्या आंत्वान फाव्र याने घंटांना फाटा दिला. पोलादी पट्टीला फणीसारखे दात पाडून प्रत्येक दात त्याने एकेका स्वरात लावला. रुळावरचा बारीक खिळा दात उचलून सोडी, की स्वर उमटे. गाणे डबीत मावू लागले! पुढे हीच फणी गजराच्या घड्याळात बसली. अशा घड्याळात दोन स्प्रिंगा असतात. एक काटे चालविते. दुसरी नेमलेल्या वेळी अडकण सुटताच मोकळी होते, आणि हातोडी आपटण्याऐवजी रूळ फिरविते.

तरीही बाजार मारला तो कर्कश घंटेनेच. फणीचा आवाज नाजूक, गाढ झोपेपुढे त्याचे काय चालणार? शिवाय किल्ली उतरू लागली की चाल रेंगाळे, आणि जिथे थांबली तिथूनच दुसऱ्या दिवशी सुरू होई. पण खरे कारण गिरणीच्या भोंग्यात शोधले पाहिजे. उशीर झाला तर रोज बुडणाऱ्या माणसाला गोडव्याची चैन परवडत नव्हती. इंग्लंडमधील लँकशायरचे अनेक गिरणी कामगार तर चार पैसे देऊन, लांब काठीने खिडकी ठोठावणाऱ्या माणसाकडून जाग आणवून घेत.

१९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत घड्याळ आणि रेडिओ एका पेटीत आले, तेव्हा उशाशी पुन्हा वाद्यवृंद वाजू लागला. आपल्याकडे अशी पेटी दुर्मिळच होती. असंख्य घरांची पहाट सुरू होई ती आकाशवाणीच्या संकेतधुनीने. तंबोरा व व्हायोलिन यांची ही धून १९३६ सालची असून ती व्हाल्टर काउफमान या बोहेमियात जन्मलेल्या, नाझी छळाच्या सावलीतून मुंबईस आलेल्या ज्यू संगीतकाराची मानली जाते. अर्थात ती ऐकण्यासाठी घरातल्या कोणाला तरी आधी उठून रेडिओ लावावा लागे, आणि ते कोण, हे सांगावयास नको.

मोंतेनच्या वडिलांची शंका अगदीच निराधार नसावी. मेलबर्नच्या आर. एम. आय. टी. विद्यापीठातील संशोधकांनी ५० जणांकडून घेतलेली माहिती २०२० साली प्रसिद्ध केली. सुरेल गजराने उठणाऱ्यांनी झोपेची गुंगी कमी राहत असल्याचे तीत सांगितले होते. कर्कश गजरवाल्यांची गुंगी मात्र रेंगाळत होती. माणसे पन्नासच, आणि साक्ष ज्याची त्याची.