घड्याळाची साक्ष



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते आमचे इतिहासाचे सर कधी तारखा घोकून घेत नसत. फळ्यावर ‘२ ऑगस्ट १९५४ – सिल्वासा मुक्त’ एवढेच लिहून ते विचारीत, ‘‘ही तारीख कोणी नोंदविली? कशाच्या आधारावर?’’ त्या वयात हा प्रश्न मला कंटाळवाणा वाटे. पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरल्यावर याच प्रश्नाने मला मार्ग दाखविला. तो प्रसंग आज सांगावयाचा आहे. परंतु त्याआधी आपल्या गावच्या वेळेचा थोडा इतिहास पाहू.

सिल्वासा सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर वसले आहे. सूर्याच्या हिशेबाने आपली वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५२ मिनिटे पुढे येते. मुंबईची जुनी स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे होती; म्हणजे सूर्याच्या दरबारी आपण मुंबईकरांच्या पंक्तीचे. १ जानेवारी १९०६ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली. मुंबईला ती रुचली नाही. गिरणी कामगारांनी निषेध केला. महापालिकेने तर ३९ मिनिटे मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ थेट १९५५ पर्यंत जपला. इकडे पोर्तुगालने १९११ च्या हुकूमनाम्याने आपल्या ताब्यातील हिंदी मुलुखासाठी पाच तासांचा फरक ठरविला. दादरा व नगरहवेली त्याच मुलुखात मोडत असे. म्हणजे वापीहून सिल्वासाला येणाऱ्याने, कागदोपत्री तरी, सरहद्दीवर घड्याळ अर्धा तास मागे घ्यावयाचे. सूर्य एकच, पण घड्याळे तीन! वेळ आकाशातून पडत नाही. माणसे ती ठरवितात, आणि त्या ठरविण्यात सत्ता, सोय व स्वाभिमान या तिन्हींचा वाटा असतो.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी आपल्या परिसरातील एका कारखान्याने मला बोलाविले. तेथील हजेरीची नोंद युनिक्स कुळातील एका संगणकावर होत असे. रात्रपाळीच्या काही कामगारांचा एक दिवसाचा पगार कापला गेला होता. सोमवारी आम्ही कामावर होतो, असे ते सांगत. संगणक सोमवारचा खाडा दाखवी. व्यवस्थापकांचे म्हणणे असे, की माणूस खोटे बोलेल, यंत्र कशाला बोलेल? मला सरांचा प्रश्न आठवला. ही वेळ कोणी नोंदविली, आणि कशाच्या आधारावर?

मी संगणकाची वेळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिली. तो बरोबर साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद, पुढे होता. चुकीचा हा आकडाच साक्षीदार ठरला. यंत्र बंद असतानाही चालावे म्हणून संगणकात बॅटरीवरचे एक अंतर्गत घड्याळ असते. युनिक्सच्या प्रथेप्रमाणे ते जागतिक समन्वित वेळेवर लावतात आणि पडद्यावर दाखविताना संगणक त्यात साडेपाच तास मिळवितो. बॅटरी बदलताना कोणीतरी मनगटावरचे घड्याळ पाहून तेथे भारतीय वेळ घातली होती. संगणकाने इमानाने तिच्यात पुन्हा साडेपाच तास मिळविले. सोमवारी रात्री ८ वाजता आलेला माणूस नोंदीत मंगळवारी पहाटे १.३० वाजता आला, आणि सोमवार त्याच्या खात्यातून नाहीसा झाला.

वेळ जुळविणारा ‘एनटीपीडी’ हा प्रोग्राम तेथे होता. मग त्याने चूक का सुधारली नाही? सुरू करावयाच्या यादीत त्याचे नाव होते, म्हणून तो चालू आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. मी विचारणा करताच उत्तर आले नाही. नोंदवही उघडली तेव्हा उलगडा झाला. फरक १,००० सेकंदांहून अधिक आढळला, की हा प्रोग्राम आपणहून काम थांबवितो आणि वेळ हाताने लावा असा शेरा लिहून ठेवतो. एवढ्या मोठ्या मतभेदात चूक कोणाची, हे माणसाने तपासावे, असा त्याचा दंडक आहे. तो शेरा महिनाभर कोणी वाचलाच नव्हता.

ही पद्धत डेव्हिड मिल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने घडविली. तिचा पहिला मसुदा १९८५ चा. मिल्स २०२४ मध्ये निवर्तले. संदेश कधी निघाला, कधी पोचला, उत्तर कधी निघाले व कधी परतले, या चार नोंदींवरून ती प्रवासातला विलंब वजा करून घड्याळातील फरक काढते. साक्षीदारांविषयीचा तिचा नियम तर इतिहासकाराला शोभेल असा आहे. एकच साक्षीदार असेल तर त्याचे असत्य उमगत नाही. दोघांत मतभेद झाला तर निवाडा होत नाही. तिघांत खोटा उघडा पडतो. आणि एखादा गैरहजर राहील म्हणून चौथा हाताशी असावा. त्या कारखान्याने एकाच घड्याळावर भिस्त ठेवली होती. मी अंतर्गत घड्याळ जागतिक वेळेवर लावले, प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि संदर्भासाठी चार सर्व्हर नेमून दिले. काही मिनिटांत वेळ जुळली.

काम मात्र तेथे संपले नाही. जुन्या नोंदी पुसून नव्या लिहाव्यात, अशी सूचना पुढे आली. मी ती मानली नाही. मूळ नोंदी तशाच ठेवून, बॅटरी बदलल्याच्या दिवसापासून दुरुस्तीच्या दिवसापर्यंत प्रत्येक वेळेतून १९,८०० सेकंद वजा करावेत, असे टिपण सोबत जोडले. त्या टिपणाच्या आधारे हिशेब पुन्हा झाला आणि कामगारांना त्यांचा सोमवार परत मिळाला.

चूक झाकणारा चुकीबरोबर पुरावाही नष्ट करतो, असे सर आम्हांस सांगत. त्यांनी संगणक कधी हाताळला नव्हता. परंतु त्या रात्री त्या यंत्रापुढे मी जे केले, ते याच शाळेच्या बाकावर शिकलो होतो.