सूत्रधाराचा कंदील

नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीत, उरी-बाघ नदीच्या काठी निसरपूर हे बाजारपेठेचे मोठे गाव होते. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात सरदार सरोवराचे पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला जाऊन पोचले आणि गावाचा मोठा भाग त्या पाण्याखाली गेला. माणसे पुनर्वसनाच्या वसाहतीत राहावयास गेली. मागे उरले ते नकाशे. बुडालेल्या गावाच्या नकाशाचे करावयाचे काय? तो दप्तरात ठेवता येतो, न्यायालयात दाखविता येतो, भिंतीवर टांगता येतो. अलीकडे त्याचा आणखी एक उपयोग शक्य झाला आहे. विजेच्या प्रक्षेपकाने, म्हणजे ज्याला सर्वजण प्रोजेक्टर म्हणतात त्याने, तो नकाशा टेबलावर पाडावयाचा आणि भोवती बसून त्यात गोष्ट खेळावयाची. हे ऐकून कोणी हसेल. परंतु या खेळाचा इतिहास पाहिला तर हसू आवरते.

खेळ असा असतो. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार सांगतो, ‘तुम्ही वेशीपाशी आला आहात, पुढे दोन वाटा फुटतात.’ खेळणारे आपापसांत विचार करून उत्तर देतात, फासे पडतात आणि गोष्ट पुढे सरकते. कोणत्या वळणावर काय आहे ते सूत्रधारालाच ठाऊक असते. टेबलावरचा नकाशा तो एकदम उघडा करीत नाही; पात्रे जिथवर चालून गेली तिथवरचाच दाखवितो.

झाकलेल्या नकाशाची ही युक्ती सैनिकी आहे. प्रशियातील राइसवित्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली आपल्या राजाला युद्धखेळाचे एक टेबल करून दिले. डोंगर, नद्या, रस्ते यांचे सुटे चौकोन जुळवून त्यावर रणभूमी मांडता येत असे. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये या खेळाचे नियम छापले आणि चौकोनांच्या जागी खऱ्या भूमीचे, १ ला ८,००० या प्रमाणाचे कागदी नकाशे आणले. दोन्ही बाजूंचे हुकूम एका पंचाच्या हाती जात. जी तुकडी शत्रूला दिसणे शक्य नसे, ती पंच नकाशावर ठेवीतच नसे. प्रशियाच्या सेनापतींनी हा खेळ छावण्यांतून शिकविण्याची शिफारस केली. धाकट्या राइसवित्झच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. १८२७ साली त्याने आत्महत्या केली. पुढे १८७६ मध्ये फेर्दी दु व्हेर्नवा या अधिकाऱ्याने जाडजूड नियमावली बाजूला सारून पंचाच्या अनुभवी निर्णयावर भर दिला. तेव्हाच पंचाचा खऱ्या अर्थाने सूत्रधार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

तेथून अमेरिकेपर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९६९ मध्ये मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली याने एका जुन्या अमेरिकन सैनिकी ग्रंथाचा आधार घेऊन, प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचा गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून विकावयास काढला. आज जगभर भूमिकांचे जे खेळ चालतात ते बहुतेक त्याच्या वंशातले होत.

मराठी वाचकाला यातले सूत्रधाराचे काम अगदी परके वाटू नये. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगविलेली चित्रे एकामागून एक उभी धरावयाची आणि गात, बोलत कथा सांगावयाची, ही त्यांची कला. ही परंपरा जिवंत ठेवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीचे पुढचे चित्र मागे दडलेले असते आणि ते केव्हा समोर आणावयाचे हे सांगणाराच ठरवितो. बिभीषण रावणाला सोडून निघाला, एवढ्यावर तो थबकू शकतो. श्रोत्यांचा चेहरा पाहून मगच चित्र बदलतो.

चित्रकथीच्या कागदाच्या जागी प्रकाश आणण्याचे श्रेय कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांना द्यावे लागेल. जादूचा कंदील युरोपात जुनाच. हॉलंडचा शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने तो १६५९ च्या सुमारास सिद्ध केला होता. पटवर्धनांनी त्या कंदिलाला मराठी कथा दिली, आणि नावही दिले भारदस्त: ‘शांबरिक खरोलिका’. शांबरी म्हणजे शंबरासुराची माया. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडावयाची, एकाच पात्राच्या वेगवेगळ्या आविर्भावांच्या पट्ट्या भराभर बदलून ते पात्र हालल्याचा भास निर्माण करावयाचा, आणि चित्रांबरोबर कथा बोलावयाची, असा तो खेळ होता. १८९२ साली त्याची सुरुवात झाली, आणि पुढे पटवर्धनांचे पुत्रही या उद्योगात शिरले. नखाएवढ्या चेहऱ्यावरची रेघ किंचित चुकली तर पडद्यावर ती हातभर चुकते. अशा काचा घरच्या घरी रंगविणाऱ्या त्या माणसांच्या चिकाटीची कल्पना आज करणे कठीण आहे.

लुमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखविली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे खरोलिकेनंतर चार वर्षांनी. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यानंतर कंदिलाकडे कोण पाहणार? खरोलिका ही चित्रपटाची पहिली पायरी, असे म्हणून तिची नोंद सिनेमाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर करण्याचा प्रघात पडला. हा मान खरा असला तरी तो अपुरा आहे. चित्रपटात चित्राची गती यंत्राच्या हाती गेली. हरिश्चंद्र स्मशानात उभा असताना एखाद्या मुलाने काही विचारले तर चित्रपट थांबत नाही. कंदील थांबत असे. पट्टी पालटणारा हात आणि बोलणारे तोंड यांचे सूत जमलेले असे, आणि त्या दोघांचे लक्ष समोरच्या माणसांवर असे. म्हणून टेबलावर नकाशा पाडणारा आजचा प्रोजेक्टर, यंत्र म्हणून कितीही नवा असला तरी, कामाने चित्रपटापेक्षा कल्याणच्या कंदिलाला अधिक जवळचा आहे. त्याचे चित्र सांगणाऱ्यासाठी खोळंबून राहते.

यंत्राविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. आज प्रचारात असलेल्या प्रोजेक्टरांपैकी एका जातीचे मूळ लॅरी हॉर्नबेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये शोधलेल्या चकतीत आहे; तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म आरसे असतात आणि प्रत्येक आरसा चित्रातला एक ठिपका उजळवितो किंवा विझवितो. प्रोजेक्टर छताला तोंड खाली करून बसवितात. त्याचे प्रक्षेप-प्रमाण दीड असेल तर चार फूट रुंद चित्रासाठी तो टेबलापासून सहा फूट उंच हवा. टेबल अडीच फुटांचे धरले तर साडेआठ फूट झाले. दहा फुटी छताच्या साध्या खोलीत हे बसते. पांढरी चादर किंवा पांढरा फळा अंथरला की काम झाले. वाकलेल्या खेळाडूच्या डोक्याची सावली अर्ध्या गावावर पडते, त्याला इलाज नाही.

एक अडचण मात्र मौजेची आहे. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. काळे म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि खोलीत दिवा असेल तर झाकलेला भाग काळा न दिसता पांढऱ्या चादरीसारखाच फिका दिसतो. गुपित राखावयाचे तर खोलीत अंधार हवा. कंदिलाच्या खेळालाही तो हवा होता.

आता निसरपूरकडे वळावे. भूमिकांच्या खेळातले गाव बहुधा काल्पनिक असते, पण ते तसेच असले पाहिजे असा नियम नाही. धरणाच्या कथेत नकाशाला मोठे महत्त्व आले होते. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये जलाशयाची पूर्ण पातळी ४५५ फूट ठरविली. त्या दिवसापासून ती समोच्च रेषा नकाशावर होती. पाणी तिच्यापर्यंत यावयास चाळीस वर्षे लागली. या खेळात गाव माणसांचे, पण झाकण आणि उघडणे दुसऱ्यांच्या हाती होते. टेबलावरच्या खेळात हे उलटे करता येते. जी माणसे त्या गल्ल्यांतून चालली त्यांच्यापैकी कोणी सूत्रधार झाले, तर पाणी येण्याच्या आधीच्या कोणत्याही बाजाराच्या दिवशी तो गोष्ट थांबवू शकतो आणि नव्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलांना म्हणू शकतो, ‘तुम्ही वेशीपाशी आला आहात.’

पण कोणता नकाशा पाडावयाचा? येथे खरी अडचण आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ ला ५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर एक इंच म्हणजे चार हजार फुटांहून अधिक. एवढे गाव त्यावर अगदीच लहान दिसते. पटवाऱ्याच्या नकाशात शेतांचे क्रमांक बारकाईने असतात, परंतु घरांची वस्ती सामान्यतः एक मोकळा तुकडा म्हणून सोडलेली असते. गावठाणांतील घरांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केली. तोवर निसरपुरात पाणी शिरून सात महिने झाले होते.

म्हणजे गल्ल्यांचा नकाशा कोणा म्हाताऱ्याने सांगून, कोणा मुलाने कागदावर काढूनच करावा लागेल. या खेळाच्या रूढ प्रमाणात एक इंच चौकोन म्हणजे पाच फूट भूमी. चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच चित्रात २४० फूट लांब आणि १३५ फूट रुंद एवढीच जागा मावते. एक गल्ली, दोन्ही बाजूंची काही घरे, फार तर एक चौक. गाव एका वेळी टेबलावर येणार नाही. गल्लीगल्लीने काढावे लागेल, आणि पहिली कोणती, यावर घरातल्या थोरांचे एकमत व्हावयास दोन-चार संध्याकाळी सहज जातील.