२५६ रंगांत लाल टिकली बसेल का?

दहावीच्या सांख्यिकीतले मध्य, मध्यक आणि बहुलक आठवतात का? आठवत नसतील तरी हरकत नाही. आज मी ज्या इतिहासाबद्दल सांगणार आहे त्यात हे तिघंही एकामागून एक हजेरी लावतात, आणि मार्कांसाठी नाही, तर फोटोतले रंग कमी करण्यासाठी.

आधी अडचण काय होती ते बघू. ६४० × ४८० च्या पडद्यावर ३,०७,२०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला २४ बिट दिले तर १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा दाखवता येतात, पण त्यासाठी ९०० केबी मेमरी लागते. १९८० च्या आसपास एवढी मेमरी म्हणजे चैनच. मग तोडगा असा निघाला: २५६ रंगांची एक यादी करायची आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये फक्त यादीतला क्रमांक लिहायचा. काम ३०० केबीत भागतं. १९८७ साली आलेल्या जीआयएफमध्येही हीच युक्ती आहे.

प्रश्न एवढाच, की यादीत कोणते २५६ रंग घ्यायचे?

समजा, फोटोत हिरवंगार भाताचं शेत आहे आणि त्यात उभ्या असलेल्या बाईच्या कपाळावर लाल टिकली. टिकलीचे पिक्सेल जेमतेम २००. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जे रंग सर्वाधिक वेळा येतात ते घ्यायचे. हा झाला बहुलक. पण मग हिरव्याच्याच शेकडो छटा सगळ्या जागा अडवून बसतात आणि टिकली जवळचा म्हणून कुठलातरी मातकट रंग घेऊन गप्प बसते.

पॉल हेकबर्ट यांनी १९८० साली एमआयटीतल्या पदवीच्या प्रबंधात (हो, पदवीच्या! आम्ही पीएचडीवाल्यांनी काय करावं?) आणि मग १९८२ च्या शोधनिबंधात यावर ‘मीडियन कट’ मांडला. लाल, हिरवा, निळा हे तीन अक्ष धरून सगळे पिक्सेल एका खोक्यात आहेत असं समजा. खोक्याची सर्वांत लांब बाजू धरा आणि मध्यकापाशी कापा, म्हणजे दोन्हीकडे साधारण सारखे पिक्सेल येतील. असं कापत कापत २५६ खोकी करा. प्रत्येक खोक्याची सरासरी हा एक रंग. कल्पना सुंदर आहे, आणि बहुलकापेक्षा निकालही बरेच चांगले येतात. तरी माझ्या मते ही शेवटी डोकी मोजणारीच पद्धत आहे. हिशोब करा ना: ३,०७,२०० भागिले २५६, म्हणजे प्रत्येक खोक्यात सुमारे १,२०० पिक्सेल. टिकलीचे २०० पिक्सेल बाकीच्या हजारांच्या सरासरीत विरघळण्याची भीती आहेच.

गंमत म्हणजे तिसऱ्याचं, म्हणजे मध्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली टेलिफोनवरच्या आवाजाचे आकडे कमीत कमी पायऱ्यांत कसे बसवायचे, यावर टिपण लिहिलं. ते रीतसर छापलं गेलं १९८२ मध्ये, हेकबर्ट यांचा निबंध आला त्याच वर्षी! प्रत्येक बिंदू जवळच्या प्रतिनिधीकडे द्यायचा, गटाचा मध्य काढून तोच नवा प्रतिनिधी करायचा, पुन्हा वाटणी करायची. आज आपण याला ‘के-मीन्स’ म्हणतो.

इथे मोजली जाते ती चुकीच्या वर्गांची बेरीज, आणि सगळा फरक त्या वर्गात आहे. २०० पिक्सेलचा रंग १०० ने चुकला तर दंड २०,००,०००. शेतातले २०,००० पिक्सेल प्रत्येकी ५ ने चुकले तर दंड फक्त ५,००,०००. म्हणजे टिकलीला एक जागा देणंच फायद्याचं! अर्थात सुरुवातीचे प्रतिनिधी वाईट निवडले तर के-मीन्सही अडकून बसतं, शिवाय तेव्हाच्या यंत्रांवर ते फार हळू चालायचं. १९९१ मध्ये शियाओलिन वू यांनी दोन्हींचा मेळ घातला: खोकी कापायचीच, पण मध्यकापाशी नाही, तर जिथे वर्गांची बेरीज सर्वाधिक घटेल तिथे.

घरचा एखादा फोटो जीआयएफ म्हणून सेव्ह करून बघा. आभाळातले पट्टे लगेच दिसतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बांगड्या, टिकली, साडीचा काठ असे कमी जागेतले रंग शोधा.