शरणपूरहून मोंबासाला गेलेले मास्तर

परदेशात राहून इंग्रजी शिकवायचे म्हटले की आज पहिले नाव जपानचे निघते. जपान सरकारने 1987 मध्ये सुरू केलेल्या जेट योजनेतून परदेशी तरुण तिथल्या शाळांत जातात आणि जपानी शिक्षकांच्या जोडीने वर्ग घेतात. नाशिकच्या इतिहासात मात्र या प्रकारचे पान त्याहून सव्वाशे वर्षांनी जुने आहे. ते आपण फारसे वाचत नाही, कारण त्यातले मास्तर मराठी नव्हते आणि ज्यांनी त्यांना पाठवले तेही मराठी नव्हते. तरीही ते इंग्रजी शिकले नाशिकमध्ये. परक्या मुलखात शिकवणाऱ्याची पत कशावर ठरते, हे त्यांच्या कहाणीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकात 1832 पासून होते. विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने 1854 मध्ये गावाबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वसवली. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजे पकडत असे आणि सोडवलेली मुले मुंबईला उतरवत असे. 1860 च्या सुमारास त्यांच्यासाठी शरणपूरला आफ्रिकी आश्रम उभा राहिला. तिथे इंग्रजी लिहिणे-वाचणे, बायबल आणि सुतारकाम, लोहारकाम असे हुन्नर शिकवले जात. यातलेच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड 1864 च्या सुमारास मिशनच्या मदतीला पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाकडे गेले. पुढच्याच वर्षी आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आला आणि शेवटच्या प्रवासासाठी त्याने इथले नऊ तरुण निवडले. त्याच्याकडे नंतर पाठवलेल्या तुकडीतला जेकब वेनराइट तर इंग्रजीत रोजनिशी लिहीत असे. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचे नाव आणि मृत्यूची नोंद कोरली ती वेनराइटने. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबतही तो होता. प्राइसने 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवले, तेव्हा मुंबई-नाशिककडच्या सुमारे दीडशे आफ्रिकी लोकांचा त्यात मोठा वाटा होता. शाळा, उपदेश, दुभाषेपण आणि कारागिरी ही कामे त्यांच्यावर पडली. मिशनच्या कागदपत्रांत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हटले जाई.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे लोक परदेशी गेलेच नाहीत, ते आपल्या घरी परतले. पण त्यांच्यापैकी अनेकजण पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून लहानपणी पळवले गेले होते. जोन्स याओ जमातीचा. मोंबासाचा किनारा हे त्याचे गाव नव्हते. वेष, चालीरीती आणि शिक्षण यांमुळे किनाऱ्यावरच्या लोकांना ही माणसे परकीच वाटली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे धर्मप्रसारक होते, शिक्षक कसले? त्या काळच्या मिशनमध्ये शाळा आणि प्रार्थनाघर यांच्यात भिंत नव्हती, हे खरेच. पण तोच निकष लावला तर आपल्याकडच्या मिशनच्या शाळांत शिकवून गेलेल्या कित्येक गोऱ्या पाद्र्यांनाही शिक्षक म्हणता येणार नाही. त्यांना आपण बिनदिक्कत शिक्षक म्हणतो. मग शंका जोन्स-सेमलरांच्याच वाट्याला का?

या प्रश्नाचे उत्तर तिथल्या वागणुकीत सापडते. सोसायटीने त्यांना युरोपीय मिशनऱ्यांच्या बरोबरीचे स्थान आणि पगार दिला नाही, त्यावरून कटकटी होत राहिल्या. इंग्रजी बोलणारा, पाश्चात्त्य वेष करणारा आफ्रिकी मास्तर गोऱ्या सहकाऱ्यांना गर्विष्ठ वाटे. लिव्हिंगस्टननेही आपल्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांच्या आळसाच्या तक्रारी नोंदवल्या आहेत. जोन्स आणि सेमलर यांना 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टनने पाद्रीपदाची दीक्षा दिली, म्हणजे मिशनसाठी पहिल्यांदा घर सोडल्यावर दोन दशकांनी. त्याच वर्षी युगांडाकडे निघालेला हॅनिंग्टन बुसोगात मारला गेला, तेव्हा त्याचा उरलेला काफिला किनाऱ्यावर परत आणला तो जोन्सनेच. त्याची योग्यता कुणाला माहीत नव्हती असे नाही.

याच दशकांत जपानने नेमका उलटा मार्ग धरला. मेजी काळात जपानी सत्ताधाऱ्यांनी स्वतः परदेशी तज्ज्ञ बोलावले, त्यांच्याशी मुदतीचे करार केले आणि भरघोस पगार दिले. विल्यम ग्रिफिस हा अमेरिकन 1871 मध्ये फुकुईला विज्ञान शिकवायला गेला तो असाच. पण या पगारांमागे हिशेब होता. आपली माणसे तयार झाली की परक्यांची जागा ती घेतील. टोकियो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या परदेशी लाफ्कादिओ हर्नच्या जागी 1903 मध्ये जपानी नात्सुमे सोसेकी आला, तो याच धोरणातून. त्या शिक्षकांचे मोल विद्यार्थ्यांच्या देशाने ठरवले. शरणपूरच्या मास्तरांच्या बाबतीत बोलावणारा, पाठवणारा आणि पगार ठरवणारा एकच होता, आणि तो विद्यार्थ्यांच्या देशाचा नव्हता. मोंबासातल्या पालकांना कुणी विचारले नव्हते, मास्तरांनाही नाही.

यावर कुणी म्हणेल, मिशनने त्यांना गुलामगिरीतून सोडवले, शिकवले, आणि त्यांनी वर बरोबरी मागावी? सोडवणूक मोठीच होती. पण उपकाराच्या हिशेबात मजुरी वळती करून घेणे ही बंधनाचीच वेगळी पद्धत आहे. ज्याला शिकवले त्याने समान वागणूक मागितली, यात कृतघ्नता नाही. शिक्षण लागू पडल्याचीच ती खूण आहे. लिव्हिंगस्टनच्या नाशिककर सोबत्यांपैकी शेवटचा मानला जाणारा मॅथ्यू वेलिंग्टन 1935 मध्ये मोंबासात वारला. आज इंग्रजीच्या जोरावर परदेशी शाळेत जायला निघालेल्यांनी या माणसांकडून एक गोष्ट घ्यावी: आपल्याला कोण बोलावतो आहे आणि आपले मोल कोण ठरवतो आहे, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारावे. आणि नाशिकने आपल्या इतिहासात तपोवनाच्या आणि पेशव्यांच्या शेजारी या मास्तरांनाही जागा द्यावी.